मोहितेबाईंची दारू

पामर्स्टन नॉर्थच्या मराठी मंडळात मोहितेबाईंच्या दारूची बातमी पसरली ती गणपतीच्या दिवशी. भाड्यानं घेतलेल्या हॉलच्या स्वयंपाकघरात बाई एका हातानं मोदकपात्रावर झाकण ठेवत होत्या आणि दुसऱ्या हातात फोन धरून कोल्हापूरच्या बहिणीशी बोलत होत्या. बाईंचा आवाज असा, की फोन त्या निव्वळ शिष्टाचार म्हणून वापरायच्या.

"अगं, दारूच मिळंना झालीय," त्या सांगत होत्या. "घरातली संपत आली. दुकानदार नुसता दोन आठवडे थांबा, दोन आठवडे थांबा करतोय. ऑकलंडला पण विचारून झालं. जीव कावून गेलाय बघ."

भजी तळणाऱ्यांचे झारे हवेतच थांबले. आरतीनंतर एका सद्गृहस्थांनी मला कोपऱ्यात घेऊन खालच्या आवाजात विचारलं, "कधीपासून?" त्यांच्या पत्नीनं माझ्या बायकोच्या, मेधाच्या हातात व्यसनमुक्तीच्या हेल्पलाइनचा नंबर ठेवला आणि म्हणाली, "तुम्ही त्यांच्या जवळच्या. तुम्हीच द्या."

मेधानं तो खरंच बाईंना दिला. बाईंनी चष्मा कपाळावर चढवून चिठ्ठी वाचली आणि म्हणाल्या, "बरं झालं. हे लोक फोन तरी उचलतात का? आमचा डॅरेन उचलत नाही."

डॅरेन म्हणजे गावातला बंदुकांचा दुकानदार, आणि दारू म्हणजे बंदुकीची दारू. बाई चांदमारी करत. हौस म्हणून नव्हे, व्रत म्हणून. दर शनिवारी सकाळी गमबूट चढवून, अंगात कॉलिन नावाच्या म्हाताऱ्याचं जुनं लोकरी जाकीट घालून, त्या आपल्या गंजक्या हायलक्स गाडीतून गावाबाहेरच्या रायफल क्लबवर जात, चटईवर पालथ्या पडत आणि नऊशे यार्डांवरच्या कागदाला भोकं पाडत. साठी ओलांडलेली, नाकात मोरणी घातलेली, पाच फुटांच्या आतली बाई. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटायचं, आजी पडल्या की काय.

ह्या खेळातली मंडळी दुकानातली तयार काडतुसं वापरत नाहीत. ती शिकारीला चालतात, पण इतक्या लांबच्या नेमाला त्यांचा भरवसा नसतो. उडवलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी घरी आणायची, साफ करायची आणि तिच्यात नवी दारू, नवी गोळी भरायची. हे काम बाई स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत, परवाने-बिरवाने सगळं रीतसर ठेवून करत. मेधा एकदा म्हणाली, "अगदी करंज्या भरल्यासारखं दिसतंय हो." बाई म्हणाल्या, "करंजी फुटली तर नवरा हसतो. हे फुटलं तर हसायला नवरा लागतो कुठं?"

नवरा नव्हताच. डॉक्टर मोहिते मातीचे शास्त्रज्ञ होते. त्यांच्याबरोबर बाई इथं आल्या आणि त्यांच्यानंतर इथंच राहिल्या. मी ज्या संशोधन संस्थेत कॉम्प्युटर सांभाळायचो तिथल्या बियाण्यांच्या प्रयोगशाळेत त्या होत्या. गवताचं बी उगवतं की नाही हे तपासून दाखला द्यायचा, हे त्यांचं काम. "ह्या देशात गवतसुद्धा सर्टिफिकेट घेतल्याशिवाय उगवत नाही," असं त्या नव्या माणसाला सांगत. "माणसं मात्र कशीही उगवतात."

लोक त्यांना विचारायचे, "आता भारतात परत जाणार का?" त्यावर बाईंचं उत्तर ठरलेलं असे. "कशाला? तिथं भावजयीला मी आवडत नाही. इथंही कोणाला आवडत नाही, पण इथली माणसं सभ्य. तोंडावर 'लव्हली' म्हणतात."

रायफल त्यांच्या हातात पहिल्यांदा आली ती कोल्हापुरात, कॉलेजच्या एनसीसीत. पुढं लग्न, संसार, परदेश. रायफल सुटली. ती पुन्हा आणली कॉलिननं. कॉलिन हा जवळच्या फील्डिंग गावाच्या बाजूचा मेंढपाळ शेतकरी. तो आपल्या कुरणाचं बी तपासायला घेऊन यायचा आणि दर खेपेला अर्धा तास काउंटरला टेकून हवेवर बोलायचा. डॉक्टर गेल्यानंतरच्या वर्षात त्यानं एकदा बाईंना विचारलं, "शॅक, शनिवार-रविवार काय करतेस?" शकुंतला हे नाव त्यानं पहिल्याच दिवशी कापून शॅक केलं होतं.

बाई म्हणाल्या, "रडते. पूर्वी रायफल चालवायचे."

कॉलिन पहिल्या वाक्यावर गप्प बसला आणि दुसऱ्यावर हसला. शनिवारी तो त्यांना क्लबवर घेऊन गेला. तिथल्या मंडळींनी बाईंना लहान मुलीसारखं समजावलं, हे असं धरायचं, घाबरायचं नाही, दणका बसेल. बाईंनी सगळं मान हलवून ऐकून घेतलं. मग पालथ्या पडल्या आणि पहिल्या पाच गोळ्या चहाच्या बशीएवढ्या जागेत घातल्या. उठून पदर, म्हणजे जाकीट झटकत विचारलं, "घाबरायचं कधी होतं?"

तेव्हापासून कॉलिन आणि बाई ही क्लबातली जोडी झाली. जोडी म्हणजे भांडणाची. कॉलिन म्हणे वारा डावीकडून आहे, बाई म्हणत उजवीकडून. दोघांच्या रायफली एकाच मापाच्या, दोघांना दारूही एकाच जातीची लागायची, आणि हरल्यावर दोघंही त्या दारूलाच दोष द्यायचे.

मंडळातल्या काही अहिंसावाद्यांना हे पसंत नव्हतं. एकदा एका काकांनी पंक्तीतच विषय काढला. "ताई, स्त्रीनं शस्त्र हातात घेणं, म्हणजे जरा हिंसक नाही का वाटत?" बाई त्यांना तांबडा रस्सा वाढत होत्या. म्हणाल्या, "मी आजवर फक्त कागद मारलाय हो. ही कोंबडी दुसऱ्यानं मारलीय. तुम्ही तिला न्याय द्या की." काकांनी दुसऱ्यांदा वाटी पुढं केली आणि विषय बदलला.

तर टंचाई. ती का झाली ह्याची कारणं डॅरेनकडं भरपूर होती. दारू नसली तरी कारणांचा साठा त्याच्याकडं कधीच संपला नाही. आधी साथीमुळं जहाजं येत नव्हती. मग जहाजं आली तर त्यांत जागा नव्हती. मग युरोपात युद्ध सुरू झालं आणि सगळे कारखाने तोफांसाठी राबायला लागले. मग बंदरावर कंटेनर अडकला, कारण धोकादायक मालाचा कागद चुकला होता. कारणं बदलत गेली, मुदत मात्र तीच राहिली. दोन आठवडे. बाई उन्हाळ्यात गेल्या, दोन आठवडे. पानं गळायला लागली, दोन आठवडे. हिवाळ्यात गाडीच्या काचेवरचं बर्फ खरवडून गेल्या, तेव्हाही डॅरेन तोच हसरा चेहरा करून म्हणाला, "टू वीक्स, शॅक. नो वरीज."

"वरी मी करते," बाई म्हणाल्या. "तू फक्त डबा आण."

त्यांनी मला हा किस्सा सांगितला तेव्हा मी विचारलं, "मग काय म्हणाला?"

"म्हणाला, 'स्वीट अ‍ॅज.' ह्या देशात माणसाला नकार द्यायचा असला की तो गोड बोलतो. आपल्याकडचा दुकानदार बरा. 'नाही' म्हणतो आणि वर आपल्यालाच ओरडतो. निदान घरी तरी लवकर जाता येतं."

डॅरेननं त्यांचं नाव प्रतीक्षा यादीत घातलं होतं. त्यांना दर थोड्या दिवसांनी एक ईमेल यायची, "आमच्या मौल्यवान ग्राहका" अशी सुरुवात असलेली. तिच्यात दारूचा पत्ता नसे, पण शिकारीच्या टोप्या, थर्मास आणि बदकासारखा आवाज काढणारी शिट्टी यांच्यावर सवलत असे. बाईंनी शेवटी दुकानात जाऊन विचारलं, "ही शिट्टी वाजवली तर तुझा सप्लायर येतो का?"

एकदा तर त्यानं त्यांना दुसऱ्याच जातीची दारू पुढं केली. जवळजवळ तशीच आहे म्हणाला. बाई म्हणाल्या, "मीठ आणि साखरपण जवळजवळ तशीच दिसते, डॅरेन. तुझ्या बायकोला आज विचार, आमटीत काय घालतेस." पण हे निव्वळ तिरकस बोलणं नव्हतं. दारू बदलली की सगळा हिशेब नव्यानं बसवावा लागतो, जपून, थोडं थोडं करून, आणि त्यात पूर्ण मोसम जातो. चुकलं तर रायफल फुटते. बाई ह्या बाबतीत अत्यंत कडक होत्या. बाकी सगळ्या जगाची चेष्टा करायच्या, पण त्या खोलीत शिरल्या की तोंड बंद. फोनसुद्धा बाहेर ठेवत.

त्या वर्षीच्या खंडेनवमीला आम्ही त्यांच्याकडं गेलो होतो. शस्त्रपूजा त्या कधी चुकवत नसत. देवघरासमोर पाटावर काडतुसं भरायचं यंत्र ठेवलं होतं, त्याला हळदकुंकू लावलं होतं. झेंडू ह्या दिवसांत इथं कुठला मिळायला, म्हणून दारातले ट्युलिप. शेजारी दारूचा रिकामा डबा, त्याच्यावरही एक फूल.

"हा रिकामाच का ठेवला?" मेधानं विचारलं.

"श्रद्धा," बाई म्हणाल्या. "डॅरेनवर नाही बसत, म्हटलं देवावर बसवून बघू."

मी त्यांच्याइतका चतुर नव्हतो, म्हणून मला ह्या सगळ्याची गंमत वाटत होती. एका निवृत्त बाईचा एक छंद वर्षभर अडला, एवढंच तर होतं. टाकानिनीला जाताना मला कळलं की तेवढंच नव्हतं.

टाकानिनी हे ऑकलंडच्या दक्षिणेचं उपनगर. तिथं एक मोठा सप्लायर होता, गावोगावच्या दुकानांना माल पुरवणारा, आणि त्याचं स्वतःचं दुकानही होतं. बाईंनी फोन करून करून त्याच्या ग्रेग नावाच्या मालकाला गाठलं. दारू स्फोटक, त्यामुळं ती साध्या कुरियरनं येत नाही. पण ग्रेग म्हणाला, "एक डबा आहे. तुझं नाव लिहून बाजूला ठेवतो. येऊन घेऊन जा." बाईंनी दोनदा विचारलं, नक्की? ग्रेग म्हणाला, "शंभर टक्के."

इतक्या लांब त्यांनी एकटीनं गाडी चालवू नये म्हणून मेधानं मला बरोबर धाडलं. आम्ही उजाडताना निघालो. बाईंनी डब्यात भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि ठेचा घेतला होता. ताइहापे मागं पडलं, दोन्ही बाजूंना हिरव्या टेकड्या आणि त्यांवर कापूस सांडल्यासारख्या मेंढ्या, तेव्हा मी सहज म्हणालो, "बाई, एवढी दगदग कशाला? ह्या मोसमात नका भाग घेऊ. पुढच्या वर्षी दारू येईलच की."

त्यांनी खिडकीची काच खाली केली आणि पुन्हा वर केली. 

"माझ्यासाठी नाही रे ती," मग त्या म्हणाल्या. "कॉलिनचे डोळे चाललेत."

कॉलिनच्या डोळ्यांच्या मधोमध अंधार साचायला लागला होता. कडेचं दिसत होतं, समोरचं पुसट. पामर्स्टनच्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरनं सांगितलं होतं की हा उन्हाळा कसाबसा निघेल, पुढचं सांगता येत नाही. उन्हाळ्याच्या शेवटी क्लबची मोठी स्पर्धा असायची. कॉलिन तिच्यात विशीच्या आतला असल्यापासून उतरत होता. बायको वारली त्या वर्षीसुद्धा उतरला होता. त्याला ती एकदा शेवटची करायची होती, आणि त्याची दारू आधीच्या हिवाळ्यातच संपली होती.

"तो कोणाकडं मागणार नाही," बाई म्हणाल्या. "आणि क्लबातल्या ज्यांच्याकडं आहे ते सांगणार नाहीत. सगळ्यांच्या कपाटात दडवलेली आहे आणि सगळे डॅरेनला शिव्या द्यायलेत. मी विचारलं की प्रत्येकाला अचानक मेंढ्या आत घ्यायची आठवण होते."

"डॅरेनला सांगितलंत का, कशासाठी हवीय ते?"

"सांगितलं. 'बमर' म्हणाला, म्हणजे फार वाईट झालं. आणि मग म्हणाला, टू वीक्स." त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. "डोळ्यांना कोण सांगणार, दोन आठवडे थांबा म्हणून?"

टाकानिनीला पोचलो तेव्हा दुपार झाली होती. पूर्वी तिथं म्हणे घोडे चरायचे. आता राखाडी छपरांची एकसारखी घरं चरत गेली होती. कोणाला स्वतःचं घर किल्ली लावून बघितल्याशिवाय ओळखू येत असेल असं वाटेना. त्यांच्या मागे गोदामांची रांग आणि त्यात ग्रेगचं दुकान.

बाईंनी काउंटरवर परवाना ठेवला आणि नाव सांगितलं. ग्रेग धिप्पाड, लालबुंद, दाढीवाला. त्यानं परवाना बघितला, कॉम्प्युटर बघितला, मग छताकडं बघितलं.

"अं, येस, नाही, असं झालं," तो म्हणाला. "सकाळी एक गिऱ्हाईक आलं. त्यानं नवीन रायफल घेतली. दारूशिवाय घेत नव्हता तो. म्हणून तो डबा त्याला द्यावा लागला."

मी बाईंकडं बघितलं. मला वाटलं आता कोल्हापूर उसळणार. पण त्या अगदी शांत, मऊ इंग्रजीत बोलल्या, आणि तेच मला जास्त भयंकर वाटलं.

"डब्यावर माझं नाव होतं ना?"

"हो."

"मोहिते असं?"

"हो."

"मग त्या गिऱ्हाइकाचं आडनाव पण मोहितेच असणार. आमचे लोक फार पसरलेत. त्याचा फोन नंबर दे, आमचे कोणी लागतात का बघते."

ग्रेग हसायला गेला आणि मधेच थांबला. "आय अ‍ॅम गटेड फॉर यू," म्हणाला. "फार वाईट वाटतंय. पण नवीन माल येतोय. दोन..."

"नको," बाई म्हणाल्या. "तो आकडा माझ्यासमोर उच्चारू नकोस."

मग त्या दुकानातल्या बाकावर बसल्या. गिऱ्हाइकांनी बूट घालून बघायचा तो बाक. त्यांनी पिशवीतून डबा काढला, मांडीवर रुमाल पसरला, भाकरी काढली, आणि मला म्हणाल्या, "बस की, अजित. लांबून आलोय. जेवून जाऊ." बाकाच्या मागं भिंतीवर भुसा भरलेलं सांबराचं डोकं होतं. त्याच्या नजरेखाली आम्ही जेवलो. दोन-तीन गिऱ्हाइकं आली, आमच्याकडं बघून थबकली, आणि बाईंनी प्रत्येकाला "किया ओरा" असा इथला नमस्कार घालून पुढं सांगितलं, "दारू घ्यायला आला असाल तर आमच्यामागं बसा. पामर्स्टनहून रांग सुरू होते."

ग्रेगला ते सहन होईना. तो येऊन ओशाळल्यासारखा उभा राहिला. म्हणाला, "वास छान येतोय." ह्या देशातल्या माणसाला माफी मागायची असली की तो तुमच्या जेवणाचं कौतुक करतो.

"घे की," बाई म्हणाल्या आणि भाकरीच्या मोठ्या तुकड्यावर ठेचा घालून त्याला दिला. मी त्यांना खुणेनं सांगायचा प्रयत्न केला, पण त्यांनी माझ्याकडं पाहिलंच नाही. ग्रेगनं तुकडा अख्खा तोंडात घातला. आधी तो हसला. मग त्याचे डोळे मोठे झाले, मग लाल झाले, मग पाण्यानं भरले. त्यानं काउंटरची कड पकडली.

"हे, हे कधी कमी होतं?" त्यानं कसंबसं विचारलं.

बाईंनी डब्याचं झाकण लावलं, रुमाल घडी करून ठेवला, आणि उठल्या.

"दोन आठवड्यांत," त्या म्हणाल्या. "नो वरीज."

मी हा किस्सा पुढं कितीतरी जणांना सांगितलाय आणि प्रत्येक वेळी लोक हसून लोळलेत. पण त्या दिवशी आम्ही हसलो नाही. गाडीत बसल्यावर बाईंनी पट्टा लावला आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून नुसत्या बसल्या. हॅमिल्टन गेलं. टाउपोचं तळं आलं, संध्याकाळच्या उजेडात पितळेसारखं चमकत होतं. तिथं चहाला थांबलो, तेव्हा त्या एकदम म्हणाल्या, "माझ्याकडं आहे थोडी."

"काय?"

"दारू. माझ्यासाठी ठेवलेली. एका माणसाची एक स्पर्धा निघेल. दोघांची नाही निघणार." त्यांनी कपातला चहा फिरवला. "मला वाटत होतं, दोघंही उतरू. ह्या वर्षी मी त्याला हरवणार होते ना. तो बघत असताना."

 मग बिल देताना दुकानातल्या मुलीला म्हणाल्या, "तुमचा चहा सांगितल्याबरोबर मिळाला. ऑकलंडच्या लोकांना जरा शिकवा."

स्पर्धेच्या दिवशी मी आणि मेधा मुद्दाम गेलो. आम्ही ह्याआधी कधी गेलो नव्हतो. पूर्वेच्या डोंगररांगेवर पवनचक्क्या गरगरत होत्या, म्हणजे नेमबाजांच्या दृष्टीनं वाईट दिवस. वाऱ्यानं झेंडे एका बाजूला फडफडत, मधेच लटकत, पुन्हा फडफडत. क्लबाची मंडळी नेहमीप्रमाणं टंचाईबद्दल हळहळत होती आणि ज्याच्या त्याच्या पेटीत काडतुसं ओळीनं भरलेली होती. बाई त्या पेट्यांवरून नजर फिरवत चालल्या. "चमत्कार आहे," मला मराठीत म्हणाल्या. "दुष्काळात सगळ्यांची पोटं सुटलेली."

कोणीतरी विचारलं, "शॅक, तुझा नंबर कधी?" त्यांनी खांद्याकडं बोट दाखवलं. "दुखतोय." आणि कॉलिनच्या चटईशेजारी बुटक्या स्टुलावर जाऊन बसल्या, समोर तिकाटण्यावर दुर्बीण लावून.

कॉलिन खूप उंच, वाळक्या लाकडासारखा माणूस. त्याला चटईवर पडायलाच वेळ लागला. त्याच्या रायफलवर दुर्बीण होती, पण त्याला निशाणाच्या कागदावरच्या काळ्या गोलाचा मधला भाग दिसत नव्हता. तो डोकं जरा तिरकं करून, कडेनं बघून नेम धरायचा. गोळी सुटली की लांब खंदकातली माणसं निशाण खाली ओढायची आणि गोळी लागली तिथं खूण लावून पुन्हा वर करायची. ती खूण कॉलिनला दिसत नव्हती. ती बाई सांगत.

"खाली. उजवीकडं."

"किती?"

"तुझ्या मेंढ्या जितक्या उजवीकडं जातात तितकी."

त्याचा खांदा हसण्यानं हलला. पुढची गोळी बरी गेली. पुढची वाईट. एक मात्र बरोबर मध्यात बसली. निशाण वर आलं, खूण काळ्याच्या पोटात होती. बाई दुर्बिणीतून नुसत्या बघत राहिल्या.

"शॅक? कुठं गेली?"

"मधे," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज पहिल्यांदाच इतका बारीक ऐकला मी. मग घसा खाकरून म्हणाल्या, "चुकून."

शेवटची गोळी निशाणाला लागलीच नाही. कॉलिन शेवटून दुसरा आला. त्याच्याखाली जो होता त्याची रायफल मधेच अडकली होती. पण कॉलिनला त्याचं काहीच वाटलं नाही. तो लोकांना सांगत फिरला की मी अजूनही एकाला हरवू शकतो.

चहाच्या टेबलाशी त्यानं बाईंच्या खांद्यावर हात ठेवला. दुखणाऱ्या खांद्यावर. त्या दचकल्या नाहीत.

"दारू कोणाची होती ते मला माहीत आहे," तो म्हणाला. "डोळे गेलेत, शॅक. अक्कल नाही गेली."

"आली कधी होती?" बाई म्हणाल्या, आणि त्याला बिस्किटांची बशी शोधून दिली.

दारू आली. अर्थातच आली, स्पर्धा होऊन गेल्यावर. डॅरेननं स्वतः फोन केला, मी तेव्हा त्यांच्याकडंच होतो. पॅलेट भरून माल आलाय, किती डबे ठेवू, लोक दहा-दहा नेतायत, लवकर सांग. बाई फोनकडं बघत राहिल्या. मला वाटलं आता डॅरेनची खैर नाही. वर्षभराचं साचलेलं होतं, आणि असं आयतं हाती सापडलेलं गिऱ्हाईक, म्हणजे दुकानदार, पुन्हा मिळणार नव्हता.

"एक," त्या म्हणाल्या.

"फक्त एक? नंतर पुन्हा संपेल हं."

"दुसऱ्या कोणाला तरी लागत असेल की, डॅरेन," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला. मी बघतोय हे लक्षात आल्यावर लगेच तोंड वाकडं केलं. "दहा घेऊन करू काय? लोणचं?"

त्यानंतरच्या हिवाळ्यात मला ऑकलंडला नोकरी लागली. सामान बांधून झालं, ट्रक पुढं गेला, आणि जायच्या आधी बाईंचा निरोप घ्यायला आम्ही त्यांच्या घरी गेलो. घर बंद. शनिवार होता. क्लबवर असणार म्हणून तिकडं गेलो. मेधाला गाडीतच थांबवून मी फाटकातून आत गेलो.

मैदानावर दोघंच होते. गवतावर अजून दव होतं. बाई चटईवर पालथ्या पडलेल्या, रायफल खांद्याला. शेजारी घडीच्या खुर्चीत कॉलिन, गुडघ्यांवर कांबळं टाकून. निशाणाकडं त्याचं तोंडसुद्धा नव्हतं. डोळे मिटून त्यानं चेहरा डोंगरांकडं वळवला होता आणि टोपी काढून हातात धरली होती.

मी हाक मारायला तोंड उघडलं, तेवढ्यात कॉलिननं हात वर केला. मला नव्हे, बाईंना.

"थांब," तो म्हणाला. "गालाला लागतोय अजून. डावीकडून आहे."

मी झेंड्याकडं बघितलं. झेंडा तर सरळ खाली लोंबत होता. बाईंनाही तो दिसत असणार. मी वाट बघत राहिलो, आता त्या काहीतरी खोचक बोलतील म्हणून.

बाईंनी घोड्यावरचं बोट काढून घेतलं. हनुवटी हातावर टेकली, आणि म्हाताऱ्याचा वारा पडेपर्यंत, एक शब्द न बोलता, तशाच थांबून राहिल्या.